तापीकाठचा कोरिया

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला लोक जन्मभर एकच प्रश्न विचारतात: बिघाड कुठं होता? मी तीस-एक वर्षं ते काम केलं आणि खरं सांगायचं तर बिघाड बहुतेक वेळा रेडिओच्या बाहेर असायचा. कुठं एरियलच्या तारेवर धोतर वाळत घातलेलं, कुठं पेटीत उंदरीण बाळंत झालेली. एका गावात तर रेडिओ महिनाभर बंद, आणि कारण काय, तर सरपंचांनी विरोधी पार्टीला बातम्या ऐकू देणार नाही म्हणून किल्ली मुलीच्या सासरी पाठवून दिलेली. असल्या तक्रारींवर पेचकस चालत नाही. तिथं चहा प्यावा लागतो.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा पश्चिम खानदेश होता आणि आमची कचेरी धुळ्याला. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून सरकारनं पंचायतींना बॅटरीवरचे रेडिओ दिले होते. लाकडी पेटी, तिला कुलूप, भिंतीवर कर्णा. काटा फिरवायची सोयच ठेवलेली नव्हती, एकच स्टेशन बांधून दिलेलं, नाहीतर लोक सिनेमाची गाणी ऐकत बसतील अशी सरकारला धास्ती. बॅटरी पाटावरवंट्यासारखी जड. महिन्यातून एकदा मी जायचो, जुनी काढून नवी बसवायचो, अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तांब्याभर पाणी ओतायचो आणि पुढच्या गावाला निघायचो. लोक मला बॅटरीभाऊ म्हणायचे. माझं खरं नाव माझ्या पगारपत्रकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

तोरणमाळच्या चढावर बॅटरी तट्टावर लादून न्यावी लागे. तिथला पाटील मोठा बेरकी माणूस. मी पहिल्यांदा सेट बसवला तेव्हा सगळे माना डोलवत ऐकत होते, हा मात्र पेटीभोवती दोनदा फिरला आणि त्याच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाला. बरोबरच्या शिपायानं मला मराठीत सांगितलं, पाटील विचारताहेत, हा तुमचं आम्हाला ऐकवतो, मग आमचं तुम्हाला कधी ऐकवणार? मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच, आणि पुढं जे घडलं त्याची वात तिथं लागली असं मला नेहमी वाटतं.

घडलं ते खाली, सपाटीवर. शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीहून सायकलनं थोडं पुढं गेलं की गुजर मंडळींचं एक गाव लागे. कपाशी, केळी, ऊस, सगळं हातचं. माणसं तीन भाषांची: घरात गुजरी, ओट्यावर अहिराणी आणि रेडिओसमोर गप्प. सरपंच रामदासभाई. त्यांना बातम्यांचं इतकं वेड की दिवेलागणीला त्यांच्या बैलांनाही कळायचं, आता मालक शेतात थांबणार नाही. त्या वर्षी, म्हणजे त्रेपन्न साली, बातम्यांत कोरिया असायचा. अख्खं गाव कोरियावर बोलायचं. पाऊसपाण्याचं बोलणं सुरू झालं तर रामदासभाई म्हणायचे, ते उद्या बघू, कैद्यांचं काय झालं?

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देश कोरियाचा, पण लढत होतं एकीकडून अमेरिकेचं सैन्य आणि दुसरीकडून चीनचं, आणि चीनच्या पाठीशी रशिया. तीन वर्षं एकमेकांना रेटून दोघं साधारण निघाले होते तिथंच येऊन थांबले. थांबायला दोघं तयार, पण एक गाठ सुटेना. अमेरिकेच्या बाजूनं पकडलेल्या कैद्यांपैकी हजारो जण म्हणू लागले, आम्हाला घरी परत जायचंच नाही. चीन म्हणे, आमची माणसं आम्हाला द्या. अमेरिका म्हणे, जबरदस्तीनं देणार नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा: ह्या कैद्यांना तिऱ्हाईताच्या पहाऱ्यात ठेवायचं. पहारा हिंदुस्थानच्या सैन्याचा, वर पाच तटस्थ देशांचं मंडळ. कैद्यांच्या सरकारची माणसं येऊन त्यांची समजावणी करणार, मारहाण नाही, ओढाताण नाही. ज्याला पटेल त्यानं जावं, न पटेल त्यानं राहावं.

ही बातमी ऐकली तेव्हा रामदासभाई जागचे उठले म्हणे. कारण त्या वेळी त्यांच्या गावात एक कैदी होता.

म्हणजे होती. दामूभाईंची जमना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, झोके घेतले, गाणी म्हटली, आणि परत पाठवायचा दिवस आला तेव्हा उंबऱ्यावर बसली ती उठेना. सासर सारंगखेड्याच्या अंगाला, तापीच्या उंच काठावरचं. घर मोठं, दावणीला जनावरं, सासरे गोविंदभाई मानी माणूस, पानाला चुना कमी लागला तरी अपमान मानणारे. जमनाला तिथं मार नव्हता, उपास नव्हता. तिचं सांगणं एवढंच होतं की हिवतापानं अंग फणफणत असताना तिनं तापीवरून हंडे चढवले, नवरा शिवदास ओट्यावर उभा राहून पाहत होता, आणि तो काही बोलला नाही. लोकांना हे कारण वाटेचना. बायकाच म्हणायच्या, अगं, नवरे असतातच कुठं बोलत.

वरकरणी खरं होतं त्यांचं. त्या घरांतून रीतच होती, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही. सून डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढणार, मुलगा भिंतीकडं बघणार. निरोप पोहोचवायचा तर मांजराला उद्देशून बोलायचं. शिवदासला तर मांजराशीही बोलायचं धाडस नव्हतं.

पावसाळाभर पंचांच्या बैठका झाल्या. दर बैठकीनंतर भांडण थोडं वाढूनच घरी जायचं. गोविंदभाई म्हणाले, चार गडी आणून उचलून नेईन. दामूभाईंचे भाऊबंद म्हणाले, आणून तर बघा. मग गोविंदभाईंनी शेवटचं सांगितलं, लग्नसराईच्या आत सून आली नाही तर फारकत. दामूभाई मऊ माणूस. फारकतीचा शब्द ऐकून त्यांचं जेवण सुटलं, आणि पोरीला गुपचूप गाडीत घालून पोहोचवून द्यावं असं त्यांच्या मनात येऊ लागलं. जमनाला ते कळलं. तिनं गोठ्याच्या खांबाला मिठी मारून सांगितलं की खांबासकट न्या. काठ्या निघायला फार अवकाश उरला नव्हता, आणि ती पोर मध्ये भरडली जाणार हे मलाही दिसत होतं.

अशात मी बॅटरी बदलायला गेलो. रामदासभाईंनी मला पेटी उघडूही दिली नाही. हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि सगळी योजना सांगितली. जमना आता ना बापाच्या घरी, ना सासरी. तिला सखूमायच्या घरी ठेवायचं. सखूमाय गावची सुईण, दोन्ही पार्ट्यांतली निम्मी माणसं तिच्याच हातून जगात आलेली, त्यामुळं तिच्यापुढं कुणाची मिशी उभी राहत नसे. ती हिंदुस्थानचं सैन्य. पाच जणांचं मंडळ: दोन माहेरचे, दोन सासरचे, पाचवा तटस्थ. सासरच्यांनी तिच्या अंगणात येऊन समजावणी करायची. अंगाला हात लावायचा नाही. शेवटी पोरगी म्हणेल ते खरं.

मी म्हणालो, छान आहे, पण हा पाचवा तटस्थ आणणार कुठून? रामदासभाई माझ्याकडं बघत राहिले. मी गावचा नव्हतो, कुणाच्या भावकीतला नव्हतो, सगळ्यांकडं जेवत होतो आणि कुणाकडून भाजी नेत नव्हतो. अशा रीतीनं बॅटरी बदलायला गेलेला माणूस अध्यक्ष होऊन परतला. पुढं हिवाळाभर मला त्या गावाला वारंवार जावं लागलं आणि धुळ्याच्या कचेरीची समजूत झाली की एवढा नाजूक सेट जिल्ह्यात दुसरा नसेल. साहेब म्हणाले, बदलून टाकू का? मी म्हणालो, नको साहेब, आता सवय झालीय त्याची.

गोविंदभाई ह्याला कसे तयार झाले? तर रामदासभाईंनी त्यांना सांगितलं की ही पंचांची नवी पद्धत नाही, साऱ्या दुनियेची पद्धत आहे, अमेरिका आणि चीन दोघांनी मान्य केलेली. एवढ्या मोठ्या पंचायतीला नाही म्हणणं गोविंदभाईंच्या इभ्रतीला शोभलं नसतं. फक्त एका मुद्द्यावर सगळं मोडायची वेळ आली. कैदी धरून ठेवणारी बाजू अमेरिकेची, म्हणजे माहेर झालं अमेरिका. मग समजावणी करायला येणारं सासर कोण? कुणीतरी हिशोब जुळवून मोठ्यानं सांगितलं, आणि गोविंदभाई पागोटं सावरत उभे राहिले.

"इतली जमीन शे मन्ही, नि मी कम्युनिस्ट?"

त्यांना खाली बसवायला बराच वेळ लागला. अमेरिका दोन्ही पक्षांना हवी होती, विमानं तिच्याकडं म्हणून. अखेर अध्यक्ष या नात्यानं मी निवाडा दिला की ह्या कामात कुणीच अमेरिका नाही आणि कुणीच चीन नाही, सगळे कोरियाच. हे दोघांनाही सारखंच नावडलं, तेव्हा मी समजलो की निवाडा बरोबर आहे.

समजावण्या सुरू झाल्या आणि गावाला जत्रेचं रूप आलं. सखूमायच्या अंगणात मध्ये जमना बसायची, पदर ओढून, हातात तूर निवडायचं सूप. समोर सासरची मंडळी. कडेनं गाव. सखूमाय दारात काठी घेऊन उभी, आणि कुणी जाजमाच्या पुढं पाऊल टाकलं की काठी आपटायची. पहिल्या खेपेला चुलतसासरे आले. त्यांनी घरातल्या म्हशी, त्यांची नावं, त्यांचं दूध आणि गेल्या दोन वर्षांत त्यांना झालेली रेडकं असं सगळं सांगितलं. जमना तूर निवडत राहिली. दुसऱ्या खेपेला सासूबाई खापरावरचे मांडे घेऊन आल्या. मांडे उत्तम होते. मंडळानं ते तपासून पाहणं आवश्यक ठरवलं आणि जमनापर्यंत फक्त डबा पोहोचला.

मग सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा झाली, आणि गोविंदभाई नव्या घोडीवर बसून समजावणीला आले. पांढरीशुभ्र घोडी, गळ्यात घुंगरं, पाठीवर मखमल. अंगणात तिला त्यांनी नाचवली. घोडी खरंच सुरेख नाचली. पोरं आरडली, सखूमायसुद्धा काठी विसरली. नाच संपल्यावर गोविंदभाई म्हणाले, बघ, अशा घरातून तू निघून आलीस. बोलणं एवढंच. मी मंडळाच्या वतीनं विचारलं, जमना, तुझं काय म्हणणं? पदराच्या आतून उत्तर आलं की घोडी चांगली आहे, तिला पाणी कोण आणतं?

कोरियातही काही वेगळं चाललेलं नव्हतं. रेडिओ सांगायचा की कैदी समजावणाऱ्यांवर ओरडतात, काही तर तंबूच्या बाहेरच येत नाहीत, बाहेर कर्णे लावून त्यांना हाका मारतात. संध्याकाळी ती बातमी ऐकायची आणि सकाळी आपल्या अंगणात ताडून पाहायची, असा गावाचा क्रम झाला. रामदासभाई मला म्हणायचे, बॅटरीभाऊ, तिकडं एवढ्या पलटणी घालून जमेना, आपण एका सखूमायवर चालवतोय.

पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, अखेरीला समजावणीची मुदत संपत आली. सासरकडून सगळे बोलून झाले होते, अगदी नणंदेच्या नवऱ्यानंही विहिरीवर येणाऱ्या इंजिनाबद्दल भाषण केलं होतं. मी जमनाला शेवटचं विचारलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बठ्ठा बोली गयात, भाऊ. पन ज्यानी बोलाले जोयजे व्हतं, तो कोठे शे?"

सगळ्यांच्या माना अंगणाबाहेरच्या चिंचेकडं वळल्या. आणि मला एकदम दिसलं ते, जे महिनोन्‌महिने माझ्या नाकासमोर होतं. सासरच्या मंडळींना घेऊन येणारी बैलगाडी दर खेपेला चिंचेखाली सुटायची, आणि तिचा गाडीवान मुंडासं कपाळावर ओढून बैलांच्या आडोशाला उभा राहायचा. चहा दिला तर घ्यायचा नाही. मी त्याला नोकर समजत होतो. तो शिवदास होता. समजावायला कुणी त्याला पाठवलं नव्हतं, म्हणून तो दर वेळी गाडी हाकत येत होता.

मी चिंचेखाली गेलो. जुजबी बोलायला सुरुवात केली तर तो जमिनीकडं बघून म्हणाला की बोलायचं आहे, पण बाप समोर असताना तोंड उघडत नाही. मी म्हणालो, बाप नसताना बोल. तर तसं एकट्यानं तिच्यापाशी जाणं मंडळाच्या नियमात बसेना, समजावणी सगळ्यांसमोरच व्हायची. असा सगळ्या बाजूंनी बांधलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याचा राग आला होता तो तिथंच ओसरला.

आणि मग तोरणमाळचा पाटील आठवला. आमचं तुम्हाला कधी ऐकवणार?

आता थोडी धंद्यातली गोष्ट. त्या सेटला पाठीमागं ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असत. त्यांत दुसरीकडचा आवाज घातला तर तोही कर्ण्यातून बाहेर येतो. धुळ्याच्या भंगारबाजारात मी मागं एक लष्करी टेलिफोन घेतला होता. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजा इथं जे सामान टाकून गेल्या त्यातला. त्याच्या बोलायच्या बाजूला एक सेल आणि तारेचं एक वेटोळं जोडलं की काम होतं. अमेरिकेचं सैन्य तापीकाठी आलं ते एवढंच, माझ्या पिशवीतून, पण कामाला आलं.

मंडळाची बैठक भरली. मी मुद्दा ठेवला की रीत वडिलांसमोर बायकोशी बोलू नये अशी आहे. रेडिओतून जो बोलतो तो कुणासमोर असतो? तो तर समोर नसतोच. कोरियातही कर्णे लावलेत. माहेरचे दोघं हो म्हणाले, सासरचे दोघं गोविंदभाईंकडं बघू लागले. गोविंदभाईंनी बराच वेळ पान चघळलं आणि एकच विचारलं: म्हणजे आमच्या घराचं नाव रेडिओवर येणार? मी म्हणालो, येणार. त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं सांगायची गरज पडली नाही. त्यांनी शाळेच्या मास्तरांकडून मजकूर लिहून घेतला, शुद्ध, कारण रेडिओवर अहिराणीत बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

ठरलेल्या संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतूनही गाड्या आल्या होत्या. जमना सखूमायशेजारी बसली होती. शिवदासला मी पंचायतीमागच्या कडब्याच्या खोलीत बसवलं, हातात तो टेलिफोन दिला. तार खिडकीतून आत. सगळं चोख होतं, एक सोडून. धुळ्याहून नवी बॅटरी आली नव्हती. जुनी महिन्याच्या वर चाललेली. सखूमायनं ती दिवसभर घराच्या धाब्यावर उन्हात ठेवली होती, तिचा अनुभव असा की बाळंतीण आणि बॅटरी दोघींना ऊन मानवतं. थोडी धुगधुगी आली होती खरी.

बातम्या झाल्या. त्यात सांगितलं की कोरियात मुदत सरली, आणि काही थोड्या कैद्यांनी म्हटलंय की आम्हाला ना इकडं जायचं ना तिकडं, आम्हाला तिसराच देश द्या, आणि ते आपल्या सैन्याबरोबर बोटीनं हिंदुस्थानात येणार आहेत. मग मी तार बदलली. कर्णा खाकरला. आणि शिवदासचा आवाज अख्ख्या गावावर पसरला, मास्तरांच्या मराठीत.

"सासरकडील मंडळींच्या वतीने कळविण्यात येते की, घरी सर्व क्षेम असून गुरेढोरे, विहीर व नवीन घोडी…"

गोविंदभाई ताठ बसले. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. जमनाची मान खाली होती. आणि मला ऐकू आलं ते, जे माझ्या कानालाच ऐकू येतं. बॅटरी मरायला लागली होती. रेडिओची बॅटरी एकदम जात नाही, आवाज आधी लांब जातो, मग घोगरा होतो, मग विहिरीतून आल्यासारखा. मी मागच्या खोलीत धावलो आणि शिवदासला सांगितलं, कागद टाक, आता अगदी थोडं बोलता येईल, काय सांगायचं ते सांग.

त्यानं कागद खाली ठेवला. बाहेर सगळ्यांना त्याचा श्वास ऐकू येत होता.

"जमना. मी शिवदास. तुले ताप व्हता नि तू पानी आनी ऱ्हायंती. मी दखी ऱ्हायंतू. माले बोलाले जोयजे व्हतं. मी बोलनू नही. आते तू जठे म्हनशी, तठे मी येसू."

शेवटचा शब्द जेमतेम पोहोचला. मग कर्णा घरघरला आणि बंद पडला. मी धावत ओट्यावर परतलो. भर गावात नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलं होतं, तेही कर्ण्यावरून. गोविंदभाईंचं पान तोंडातच राहिलं होतं. मला आपलं आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण अध्यक्षाला ते शोभत नाही म्हणून मी मेलेल्या बॅटरीवर थापट्या मारत राहिलो.

जमना उठली. पदर कपाळापर्यंत मागं गेला होता, तो तिनं पुढं ओढला नाही. तिनं मंडळाकडं पाहिलं.

"कोरियामा कितलाक कैदीसले तिसरा देश भेटी गया. माले बी तिसरं गाव द्या."

रामदासभाई इतके हसले की त्यांना उचकी लागली. मंडळाच्या सासरच्या दोघांनी गोविंदभाईंकडं बघितलं. ते बरेच रागावले होते, पण साऱ्या दुनियेनं मान्य केलेल्या पद्धतीतच हे बसत होतं, आणि बातमी तर सगळ्यांनी आत्ताच कानांनी ऐकली होती. नियमात आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, आहे. मग ते घोडीवर बसले आणि घोडीला नाचू न देता निघून गेले. सासूबाई मात्र मागं राहिल्या. त्यांनी जमनाच्या हातात मांड्यांचा डबा दिला, ह्या खेपेला भरलेला, आणि मंडळाला तपासू दिला नाही.

तिसरं गाव म्हणजे शहादा. मीच खोली पाहून दिली. शिवदास तिथल्या कापसाच्या जिनात नोकरीला लागला. गोविंदभाईंनी वर्षभर तोंड पाहिलं नाही, मग नातू झाल्याचं कळल्यावर घोडीवरून आले आणि अंगणात तिला पुन्हा नाचवली. सखूमायनं बाळंतपणाला शहाद्यापर्यंत जाऊन हात लावला, आणि मोबदला म्हणून माझ्याकडून एक जुनी बॅटरी मागून घेतली. तिला ती उंबऱ्याजवळ बसायला हवी होती.

पुढं ट्रान्झिस्टर आले आणि आमचं काम सुटत गेलं. प्रत्येकाच्या खांद्यावर आपापला रेडिओ, काटा हवा तिकडं फिरवा. व्हिएतनामात अमेरिकेची विमानं उतरली तेव्हा त्याच्या बातम्या लोकांनी शेतात एकेकट्यानं ऐकल्या. कुणी कुणाला विचारलं नाही की कैद्यांचं काय झालं. कुलपाच्या पेट्या आम्ही एकेक करून धुळ्याला जमा केल्या. त्या गावची पेटी गाडीवर चढवताना रामदासभाई लांब उभे राहिले, जवळ आले नाहीत. मलाही बरं वाटलं नव्हतं.

त्याच फेरीत शहाद्याला मुक्काम पडला म्हणून जमना-शिवदासकडं जेवायला गेलो. पोरं मोठी झाली होती. मी ओट्यावर टेकतो तोच शिवदास विहिरीवरून आला, दोन्ही हातांत पाण्याचे हंडे, आणि तोंड चालू. जिनातला कापूस, मुकादम, कोरियाचे ते कैदी आता कुठं असतील, पोरांचा अभ्यास, रस्त्यात भेटलेला कुत्रा. हंडे ठेवले, पुन्हा उचलले, विहिरीकडं निघाला, आणि जाताजाताही बोलतच होता. मी घरात भाकरी थापणाऱ्या जमनाकडं पाहिलं.

तिनं डोक्याला हात लावला. तरी हसू काही लपेना.

"भाऊ, तुम्हीन याले कोन्ती बॅटरी लाई दिधी? उतरसच नही."